गच्चीवरील भाजीपाला लागवडीचे प्रशिक्षण : अर्ज नेमका कुठे अडतो

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा 5 किलो धान्य मिळते. भाजी त्यात नसते, आणि महिनाअखेरीस हात आखडला की ताटातून पहिल्यांदा भाजीच कमी होते. म्हणूनच मुंबईतील गोवंडी, मानखुर्द, मालवणी अशा वस्त्यांतील बायका गच्चीवर किंवा दारापुढच्या चिंचोळ्या जागेत भाजी लावायला शिकवा, असे सांगत येतात. उत्साहाची कमतरता कुठेच नसते. तरीही अर्ज परत येतात, आणि कारणे बहुतेक वेळा तीच असतात.

शिकण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला व्यवसाय-कौशल्ये शिकवणाऱ्या जन शिक्षण संस्थानाचा. 1967 साली मुंबईत सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठाचे हे पुढचे रूप असून निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा अर्धवट सोडलेल्या 15 ते 45 वयोगटातील व्यक्तींसाठी ते आहे. माळीकाम किंवा भाजीपाला लागवडीचा वर्ग सध्या चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावे. वस्तीतून नावे एकत्र द्यावीत, कारण एकट्या अर्जावर वर्ग उभा राहत नाही. दुसरा मार्ग बचत गटाचा. महापालिकेच्या विभाग कार्यालयात समूह संघटकांना, म्हणजे वस्तीतील बचत गटांचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना, भेटावे. गटात 10 ते 20 सदस्य असावेत. 2024 मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यांतील किमान 70 टक्के शहरी गरीब कुटुंबांतील असावेत असा निकष होता; सध्याचा निकष तिथेच विचारून घ्यावा. ज्यांचे वय 45 च्या पुढे गेले आहे त्यांनी पहिल्या मार्गाच्या रांगेत दिवस घालवू नये, थेट गटातून यावे. गावाकडे शेती केलेल्या, माती हाताने ओळखणाऱ्या बायका नेमक्या याच वयाच्या असतात, आणि त्यांनाच वयाच्या रकान्यावरून परत पाठवले जाते, याचे वाईट वाटते.

आधार कार्ड, छायाचित्रे, शिधापत्रिका आणि पासबुक या कागदांना सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती नावाची. आधारवर सासरचे नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे आणि पासबुकात नवऱ्याच्या नावाऐवजी वडिलांचे, अशी तीन नावांची एकच बाई खिडकीपुढे उभी असते आणि आतून “ही तुम्हीच कशावरून?” असे विचारले जाते. लग्नपत्रिका दाखवून हे सुटत नाही. महापालिकेच्या विभाग कार्यालयातून विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून घ्यावे. लग्नाला वीस वर्षे झाली असली तरी नोंदणी होते. त्यानंतर आधार आणि पासबुक या दोन्हींवरचे नाव अक्षरशः एकसारखे करून घ्यावे.

बँकेत दुसरी अडवणूक होते. गटाचे बचत खाते उघडायला गेलेल्या बारा जणींकडून बाराही पॅन कार्डे मागितल्याचे मी पाहिले आहे. ही मागणी नियमाला धरून नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) निर्देशांनुसार बचत खाते उघडताना स्वयंसहायता गटाच्या केवळ पदाधिकाऱ्यांची पडताळणी पुरेशी असते; सर्व सदस्यांची पडताळणी कर्ज घेण्याच्या वेळी होऊ शकते. हे शाखेत शांतपणे सांगावे, आणि ऐकले नाही तर नकार लेखी मागावा.

उत्पन्नाचा दाखला जिथे मागितला जाईल तिथे त्यावर छापलेली वैधतेची तारीख पाहावी. ती बहुधा 31 मार्च असते. फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला दाखला एप्रिलच्या अर्जाला जोडला की अर्ज बाद होतो, आणि अर्जदाराला वाटते की दाखला मिळाल्या दिवसापासून वर्षभर चालतो. या दाखल्यासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. कार्यालयाच्या दारातला कोणी मुद्रांक विकत घ्यायला सांगत असेल तर घेऊ नये.

सर्वांत अवघड कागद जागेच्या परवानगीचा आहे, आणि तो जोडायचा असतो हेच अनेकांना ठाऊक नसते. एका पुनर्वसन इमारतीतील गटाने प्रशिक्षण पूर्ण केले, रोपे तयार केली, आणि नंतर गच्चीला कुलूप लागले. जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या कुंड्यांतली पालकाची रोपे आठवडाभरात माना टाकून गेली. गच्ची ही संपूर्ण सोसायटीची सामाईक जागा असल्यामुळे सचिवांनी तोंडी दिलेला होकार किंवा चिठ्ठी टिकत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि त्याची शिक्क्यासह प्रत घ्यावी, आणि तीही प्रशिक्षणाच्या अर्जाआधी.

सभेत विरोध होतो तो गळतीच्या आणि वजनाच्या भीतीने, आणि ती भीती खोटी नाही. ओल्या मातीचा 30 सेंटीमीटर जाडीचा थर एका चौरस मीटरवर सुमारे 500 किलो भरतो, तर वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी साधारण 150 किलोचाच भार धरलेला असतो. म्हणून सोसायटीला द्यायच्या अर्जात स्पष्ट लिहावे की वाफे करणार नाही. सुका पाला, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण उथळ क्रेटमध्ये भरू, क्रेट विटांवर उचलून ठेवू आणि पावसाच्या पाण्याची वाट मोकळी ठेवू. पाण्याचे काय, हाही प्रश्न येणारच. महापालिकेच्या निकषानुसार झोपडपट्टीत दरडोई दिवसाला 45 लिटर पाणी धरलेले असते, तेव्हा तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी वापरू, असेही लिहावे. इतके लिहिलेल्या अर्जांना मंजुरी मिळताना पाहिली आहे.

रुळांलगतच्या जमिनीबद्दलही नेहमी विचारणा होते. ती रेल्वे आपल्याच कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी परवान्यावर देत आली आहे. इतरांनी तिच्यासाठी अर्ज करण्यात अर्थ नाही.

कोणताही अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. “नंतर या, पोच देतो” असे सांगितले तर तिथेच थांबावे.