कडेवर कोरलेला अर्ज

हातचं काम गेलं की माणूस राजाकडे कागदावर अर्ज करतो. नाण्यांचे ठसे कोरणाऱ्या थॉमस सायमनने तो चांदीच्या नाण्यावर केला.

१६६० साली दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला आणि यंत्रावर नाणी पाडायचं ठरलं. ठसे कोरायचं काम मिळालं अँटवर्पच्या रूतिए घराण्याला. सायमनचा हात कसबी, पण चार्ल्सच्या बापाची राजवट उलथवणाऱ्या क्रॉमवेलची नाणी त्याने कोरलेली. रूतिएंनी मात्र परागंदा राजाला पैसे पुरवले होते म्हणतात. पुढचं सांगायला नको.

१६६३ साली सायमनने नमुन्याचं एक ‘क्राउन’ घडवलं. क्राउन म्हणजे पाच शिलिंग. (याच चार्ल्सला लग्नात मुंबई मिळाली आणि १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांनी दिली. हिशेबाने चाळीस क्राउन!) नाण्यावर राजाच्या केसांची बट न् बट सुटी दिसते. पण खरी कमाल कडेवर आहे. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, त्यात दोन ओळी, दीडशेहून जास्त अक्षरं. मजकूर असा: हे नाणं त्या डचाच्या (म्हणजे रूतिएच्या) नाण्याशी ताडून पाहावं, आणि रेखाटन, उठाव, मांडणी, कोरणी सरस वाटली तर माझी अडचण दूर करावी, ही महाराजांना नम्र विनंती.

कडच का? तेव्हा नाण्याची किंमत त्यातल्या चांदीवर ठरे. हातोड्याने ठोकलेलं नाणं कधी नीट गोल नसायचं. कात्रीने किनार उतरवली तरी पटकन कळत नसे. नाणं पूर्ण किमतीला खपवायचं, कातरण वितळवायचं. यंत्राने एकसारखी गोल चकती कापली, ठशांखाली दाबली आणि कडेवर अक्षरं उठवली, की कात्री लावल्याबरोबर अक्षरं तुटून चोरी उघडी पडते. कडेची ही युक्ती इंग्लंडमध्ये आणली पिअर ब्लोंदो या फ्रेंच कारागिराने; आपली कृती त्याने गुपित ठेवली. नेहमीच्या क्राउनच्या कडेवर लॅटिनमध्ये लिहिलेलं असे, ‘शोभा आणि संरक्षण’. जुनी ठोकीव नाणी मात्र चलनात राहिली, कातरली जात राहिली. अखेर १६९६ साली ती गोळा करून वितळवायला घेतली, तेव्हा टांकसाळीत वॉर्डन म्हणून रुजू झाला आयझॅक न्यूटन.

सायमनचा अर्ज काही मंजूर झाला नाही. १६६५ साली, लंडनमध्ये प्लेग असताना, तो वारला. रूतिएच्या ठशांची क्राउन आजही संग्राहकांच्या बाजारात सापडतात. अर्जाची नाणी जगात वीसेकही नसतील.