शिळा ब्रेड टोस्टरमध्ये पुन्हा मऊ का पडतो?

ब्रिटनमधल्या घरांतून रोज सुमारे २ कोटी स्लाइस ब्रेड कचऱ्यात जातो, असा 'रॅप' या तिथल्या संस्थेचा हिशेब आहे. आकडा वाचून मला वाईट वाटलं. यातला कडक झाला म्हणून टाकलेला ब्रेड बऱ्याचदा वाचवता येतो. कडक ब्रेड म्हणजे सुकलेला ब्रेड, अशी आपली समजूत असते आणि घोळ तिथेच होतो.

१८५२ साली जाँ-बातिस्त बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ब्रेडमधलं पाणी अजिबात उडू दिलं नाही तरी तो शिळा होतोच. आणि तोच शिळा ब्रेड नुसता गरम केला, वरून पाणी न घालता, की पुन्हा मऊ पडतो. मग पाणी गेलं कुठे? कुठेच नाही. ते ब्रेडमध्येच अडकून बसलेलं असतं.

गव्हाच्या पिठाचा मोठा भाग स्टार्चचा. त्यात दोन प्रकारचे रेणू: अमायलोज म्हणजे लांब, जवळजवळ सरळ साखळ्या, आणि अमायलोपेक्टिन म्हणजे झाडासारखा फांद्याच फांद्या असलेला प्रचंड रेणू. कच्च्या पिठात या फांद्या शिस्तीत, स्फटिकासारख्या रचलेल्या असतात. भट्टीत तापमान ६० अंशांच्या आसपास गेलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि ती रचना मोडते. मोदकासाठी उकड काढताना तांदळाचं पीठ बघता बघता घट्ट आणि चकचकीत होतं, तेच हे.

ब्रेड निवायला लागला की उलटा प्रवास सुरू होतो. अमायलोज काही तासांतच जाळं विणतं. गरम लोफ सुरीखाली चेंगरतो आणि निवल्यावर नीट कापला जातो, त्यात या जाळ्याचा मोठा वाटा आहे. अमायलोपेक्टिनला मात्र घाई नसते. त्याच्या बाहेरच्या फांद्या दिवसामागून दिवस जोडीजोडीने एकमेकींभोवती पीळ घालतात, ते पीळ शेजारी शेजारी रचले जातात आणि नवे स्फटिक तयार होतात. हे स्फटिक कच्च्या गव्हातल्या स्फटिकांपेक्षा वेगळे. त्यांच्या रचनेतल्या प्रत्येक एककात पाण्याचे ३६ रेणू बसतात, कच्च्या गव्हाच्या स्फटिकात फक्त ४. म्हणजे एरवी ब्रेडला मऊ ठेवणारं पाणी या जाळीत बंदिस्त होतं. तराजूत वजन तेवढंच, पण जिभेला ब्रेड कोरडा लागतो.

आता फ्रिजचं. स्फटिक व्हायला आधी बीज पडावं लागतं, मग ते वाढावं लागतं. बीज पडायला थंडी मानवते, वाढीला ऊब. दोन्हींचा मेळ गोठणबिंदूच्या थोडा वर बसतो, म्हणजे नेमका फ्रिजच्या ४ अंशांपाशी. तिथे ब्रेड ओट्यावर ठेवल्यापेक्षा लवकर शिळा होतो. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना रेणूंची हालचालच जवळजवळ थांबते, त्यामुळे ब्रेड जसा ठेवला तसा राहतो. इंग्लंडमध्ये राहायला आलो तेव्हा पुण्याच्या सवयीने मी ब्रेड फ्रिजमध्येच ठेवायचो. तिकडे पावसाळ्यात बाहेर ठेवला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे त्या सवयीला आधार होता. शेजारच्या बाई मात्र दोन दिवसांपुरता ब्रेड डब्यात ठेवतात, बाकीचा फ्रीझरमध्ये, आणि गोठलेला स्लाइस तसाच टोस्टरमध्ये सोडतात. बरोबर त्यांचंच आहे.

कारण अमायलोपेक्टिनचे हे स्फटिक ५०-६० अंशांनाच वितळू लागतात. टोस्टरमध्ये स्लाइसच्या गाभ्यात पाणी असल्यामुळे तिथलं तापमान १०० च्या वर जात नाही, पण पीळ सुटायला तेवढं पुरतं. अडकलेलं पाणी मोकळं होतं, गाभा मऊ. पृष्ठभाग मात्र वाळतो, १४० अंशांच्या पुढे जातो आणि तिथे साखर व अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात. लुई-कामिय माईयार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया. टोस्टचा तांबूस रंग आणि खरपूस वास तिचाच.

ब्रिटनच्या दुकानातला पांढरा स्लाइस्ड लोफ बरेच दिवस मऊ राहतो, त्यामागेही हेच रसायन आहे. पाकिटावर 'ई ४७१' दिसलं तर ती स्टार्चच्या साखळ्यांना चिकटून स्फटिक होणं लांबवणारी स्निग्ध द्रव्यं. यात विषारी काही नाही.

सध्या व्हिडिओंमधून सांगतात की ब्रेड गोठवून टोस्ट केला की मधुमेहींनी हवा तेवढा खावा. ही घातक अतिशयोक्ती आहे. ऑक्सफर्डमध्ये २००८ साली झालेल्या प्रयोगात असा ब्रेड खाल्ल्यावर रक्तातली साखर कमी वाढली हे खरं, पण त्यात १० निरोगी माणसं होती, मधुमेही नव्हेत. आणि साखर कमी वाढली, वाढायची थांबली नाही.

टोस्टचा मऊपणा मात्र फार टिकत नाही. निवताना स्टार्च पुन्हा आवळू लागतो, शिवाय थोडं पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. ताटलीत एकावर एक ठेवलेले टोस्ट त्याच वाफेने खालून ओले होतात. ते उभे ठेवायचा तारेचा स्टँड इंग्रजांनी त्यासाठीच केला, पण त्यात ते कुरकुरीत राहिले तरी गार पटकन होतात. उकडलेल्या अंड्याच्या पातळ बलकात बुडवायला टोस्टच्या बोटभर पट्ट्या कापतात, त्यांना इथे 'सोल्जर' म्हणतात. ताज्या ब्रेडची पट्टी बलकात वाकते, टोस्टची ताठ उतरते. म्हणून शेजारच्या बाई अंडं पाण्यातून काढल्यावरच टोस्टरचा खटका दाबतात.