काउंटेसचा ताप आणि कोयनेलची साल

कोयनेलची (हिवतापावरच्या क्विनिनची) गोष्ट नेहमी अशी सांगतात: पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, हिवतापाने मरणाला टेकली, कोयनेल ज्यातून मिळतं त्या सिंकोना झाडाच्या सालीने वाचली आणि तिनेच ती साल स्पेनला नेली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही १७४२ साली झाडाला तिच्या किताबाचं नाव दिलं (तेही एक अक्षर गाळून!).

गोष्ट झकास, पण कागदपत्रं जुळत नाहीत. पहिली काउंटेस १६२५ साली स्पेनमध्येच वारली; नवरा पेरूला पोचला १६२९ मध्ये. दुसरी पत्नी सोबत होती, पण परतताना १६४१ मध्ये कार्ताहेनात (आजच्या कोलंबियातलं बंदर) वारली. साल नेणार कोण? व्हाइसरॉयच्या काळातली रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात ताप येतो तो बहुतेकदा काउंटलाच, आणि सालीचं नावही नाही. हा किस्सा १६६३ साली जिनोआच्या सेबास्तियानो बादो या वैद्याने छापला आणि तो जवळपास पावणेतीनशे वर्षं खपला. खोडून काढला तो १९४१ मध्ये.

साल युरोपात पसरवली मुख्यतः जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी. झाड ओळखणारे अँडीजमधले स्थानिक जाणकार होते. त्यांची नावं मात्र कुणी टिपलीच नाहीत.