होमशेअर

होमशेअर : घरात खोली मोकळी असलेला घरमालक आणि परवडणारी जागा शोधणारी व्यक्ती यांची गाठ घालून देणारी व्यवस्था. घरमालक बहुधा वयस्क व एकटा. राहायला येणारा बहुधा विद्यार्थी किंवा नुकता नोकरीला लागलेला. भाडे कमी असते किंवा नसतेच; त्याऐवजी बाजारहाट, बागकाम, संध्याकाळची सोबत, रात्री घरात कोणीतरी असणे अशी मदत ठरते. पेइंग गेस्टपेक्षा हे वेगळे ठरते ते मधल्या संस्थेमुळे. ती दोघांच्या मुलाखती घेते, ओळखीपाळखीच्यांकडे चौकशी करते, लेखी करार करून देते आणि कुरबूर झाली तर मध्ये पडते. स्वयंपाकघर कोणत्या वेळी कोणाचे, पाहुणा रात्री राहिला तर चालेल का, मांजराची सवय आहे का, असले प्रश्न आधीच निकालात काढावे लागतात. जोड्या बहुधा याच बाबींवरून फिसकटतात.

अमेरिकेत या कल्पनेला वजन आले ते मॅगी कून (1905–1995) यांच्यामुळे. 65 व्या वर्षी सक्तीने निवृत्त केल्यावर 1970 मध्ये त्यांनी ‘ग्रे पँथर्स’ ही वृद्धांच्या हक्कांची चळवळ उभारली. फिलाडेल्फियातील जर्मनटाउन भागातल्या आपल्या घरात त्या तरुण मंडळींसोबत राहत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अशा कार्यक्रमांना मार्गदर्शन करणारे राष्ट्रीय केंद्रही काढले.

सर्वांत चोख हिशेब जर्मनांचा. तिथे 1990 च्या दशकात रुजलेल्या ‘वोनेन फ्युर हिल्फे’ (मदतीच्या बदल्यात मुक्काम) या योजनेत खोलीच्या दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास काम, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे 16 चौरस मीटरच्या (सुमारे 170 चौरस फूट) खोलीसाठी महिन्याला 16 तास. वीज, पाणी व हीटरचा खर्च वेगळा द्यायचा. आंघोळ घालणे, औषधोपचार अशी शुश्रूषा मात्र या तासांत धरत नाहीत. ब्रिटनमध्ये आठवड्याला साधारण 10 तासांची मदत अपेक्षित असते आणि संस्थेची फी बहुधा दोन्ही बाजू भरतात.

तासांचा हा काटेकोरपणा आपल्याला कोरडा वाटेल. पण पुण्यात वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या आठवणी वाचल्या की त्याचे मोल कळते : ताटात अन्न पडे, त्यासोबत उपकाराचे ओझेही. होमशेअरमध्ये कोणी कोणाचा उपकृत नाही.

फ्रान्समध्ये ऑगस्ट 2003 च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे 15,000 माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते. त्यानंतर पॅरिसमध्ये वृद्ध आणि विद्यार्थी यांची जोडी जमवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. 2018 च्या ‘एलान’ कायद्याने या सहवासाला स्वतंत्र कराराचे रूप दिले : घर देणारा 60 वर्षांचा किंवा त्याहून मोठा, राहणारा तिशीच्या आतला, मोबदला माफक, आणि करार मोडायचा तर एक महिन्याची नोटीस.

परक्या माणसाला घराची किल्ली द्यायची, ही भीती सुरुवातीला घरमालकाला असते. पुढे अडचण येते ती राहणाऱ्याची. म्हातारपण वाढत जाते. दळण-भाजीपुरती ठरलेली मदत हळूहळू रात्री उठून आधार देण्यापर्यंत पोहोचते आणि करारातले तास मागे पडतात. शेवटी घरमालक वृद्धाश्रमात गेला किंवा वारला, की वारस घराचा ताबा घेतात आणि राहणाऱ्याला पुन्हा खोली शोधावी लागते.