नऊ फळं नव्हेत, एकच फळ

चर्चमधल्या संडेस्कूलच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गाच्या भिंतीवर तक्ता असतो: केळ्यावर ‘प्रीती’, सफरचंदावर ‘आनंद’, द्राक्षांवर ‘शांती’... अशी पवित्र आत्म्याची नऊ फळं, म्हणजे देवाचा आत्मा माणसात घडवतो ते नऊ गुण. त्यातूनच समज पक्का झाला की ज्याच्या वाट्याला जे आलं ते त्याचं. ‘मी प्रेमळ आहे हो, पण सहनशीलता देवानं मला दिलीच नाही.’ घरातल्यांवर खेकसून झाल्यावरचं हे वाक्य. (मीही म्हटलंय.)

पण ही यादी जिथून आली ते बायबलमधलं पौलाचं गलतीकरांस पत्र, ५:२२ नीट वाचा. मूळ ग्रीक शब्द ‘कार्पोस’ एकवचनी आहे. मराठी बायबलातही ‘फळ’च. तीनच वचनं आधी देहाची (म्हणजे पापी स्वभावाची) ‘कर्मे’ मात्र अनेकवचनी. वाटून मिळतात ती कृपादानं, म्हणजे आत्म्यानं दिलेली वेगवेगळी वरदानं, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायातली: एकाला एक, दुसऱ्याला दुसरं. फळाचं तसं नाही. प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत सगळ्या एकाच संत्र्याच्या फोडी. पिकायला वेळ लागतो, हे कबूल.