वाद्यांतील नाद आणि स्वराची उंची

वाद्यातला काही तरी भाग सतत आणि नियमितपणे थरथरला की सूर निर्माण होतो. तार, धातूची पत्ती, ताणलेले कातडे किंवा नळीतली हवा यांपैकी काहीही थरथरू शकते. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे वारंवारता. ती वाढली की स्वर चढतो, दुप्पट झाली की बरोबर एक सप्तक वर जातो. वाद्ये जुळवण्यासाठी सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर जगभर प्रमाण मानतात.

तारेचे नियम फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन याने १६३६ साली मांडले. तारेची लांबी निम्मी केली की वारंवारता दुप्पट होते, पण तेवढ्याच चढासाठी ताण मात्र चौपट करावा लागतो. तार जड असेल तर स्वर खाली राहतो, म्हणून खर्जाची तार जाड असते. सतारीवर मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकताना, तार पडद्यावरच आडवी ओढतात. लांबी जवळपास तीच राहते, ताण वाढतो आणि स्वर चढतो. एकटी तार फारच थोडी हवा हलवते. ती जिच्यावर टेकते त्या घोडीवाटे तिची थरथर तबलीत, म्हणजे वरच्या लाकडी फळीत, आणि भोपळ्यात उतरते, तेव्हा आवाज भरतो.

तार अख्खी थरथरते तशीच त्याच वेळी अर्ध्यात, तिसऱ्या हिश्श्यात, चौथ्या हिश्श्यातही थरथरते. अशा प्रत्येक थरथरीतून उमटणाऱ्या स्वराला स्वरक म्हणतात. या स्वरकांच्या कमीअधिक जोरावरून आपण वाद्य ओळखतो. तंबोऱ्याइतके ते दुसरीकडे क्वचितच स्पष्ट ऐकू येतात. त्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते. तार आणि घोडी यांच्यामधला सुती दोरा केसभर सरकवला की एका विशिष्ट जागी जवारी, म्हणजे तारेचा भरदार झणकार, खुलते आणि मघाचा कोरडा ‘टण्ण’ लांबवर गुंजू लागतो. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो तिचा पाचवा स्वरक. एरवी तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरकाचा स्थिर बिंदू असतो तो स्वरक उमटू नये. तंबोऱ्यात तो उमटतो, याकडे चं. वें. रामन यांनी १९२१ साली लक्ष वेधले.

बासरीत फुंकर छिद्राच्या काठावर आपटून आतबाहेर डोलते आणि नळीतली हवा कंप पावते. दोन्ही टोकांना मोकळ्या नळीतून ४४०चा स्वर हवा असेल तर लांबी साधारण ३९ सेंटिमीटर भरते. बोटे उचलली की हवेचा स्तंभ आखूड होतो. नळीतली हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो, म्हणून वाजवता वाजवता बासरी थोडी चढते. हार्मोनियमचे गणित वेगळे आहे. तिथे स्वर पत्तीच ठरवते. मोकळ्या टोकाकडे घासली की ती हलकी होऊन चढते, मुळाशी घासली की तिचा ताठपणा कमी होऊन उतरते.

चामड्याच्या वाद्यांत मुळातच अडचण आहे. साध्या गोल कातड्याच्या कंपनांचे प्रमाण १ : १.५९ : २.१४ : २.३० असे वेडेवाकडे पडते. त्यामुळे धपका ऐकू येतो, पण सूर ठरत नाही. तबल्याच्या पुडीवरची, म्हणजे ताणलेल्या कातड्यावरची, शाई हेच दुरुस्त करते. थरावर थर देऊन, घोटून बसवलेला हा काळा गोल मध्यभागी नेमके वजन आणतो आणि विस्कटलेली कंपने १ : २ : ३ : ४ : ५ या क्रमाच्या अगदी जवळ येतात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली हे दाखवून दिले. सूत्र हाताशी नसताना केवळ कानाच्या भरवशावर कारागीर इथवर पोचले, ही वाद्यनिर्मितीतली फार मोठी कामगिरी म्हटली पाहिजे. डग्ग्याची शाई मात्र मधोमध नसते, एका बाजूला असते. पुडीवर टेकलेल्या मनगटाचा दाब वाढला की कातड्याचा ताण वाढतो आणि घुमणारा ‘गे’ घसरत वर चढतो.