मेण, नीळ आणि बाळाचं दुपटं

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सोनमोहराचा पिवळा सडा पडतो. गाडी लावायला सावली मिळते, यापलीकडे त्या झाडाशी आपली फारशी ओळख नसते. हेच झाड इंडोनेशियातल्या जावा बेटावर 'सोगा' म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिथे लोकांचं लक्ष फुलांकडे नसून सालीकडे असतं. योग्यकर्ता आणि सोलो या दोन राजनगरांतल्या जुन्या बाटिकचा, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाचा, मधासारखा तपकिरी रंग याच सालीतून उतरतो.

बाटिकचं तत्त्व एका वाक्यात संपतं: मेण लावलं तिथे रंग चढत नाही. म्हणून बाटिककार नक्षी रंगानं काढतच नाही, मेणानं काढतो. त्यासाठीचं अवजार म्हणजे 'चांटिंग'. बांबूच्या दांड्याला तांब्याची छोटी वाटी आणि वाटीला सुईसारखी बारीक चोच. शेगडीवरच्या छोट्या कढईत मेण पातळ करून ठेवतात, चांटिंग त्यात बुडवायचं, चोचीवर हलकी फुंकर मारायची आणि कापडावर रेघ ओढायची. मेण जास्त तापलं तर रेघ फुटते, पसरते. निवलं तर वरवर बसतं, धाग्यात शिरत नाही आणि पुढे पोपडा धरून निघतं. हाताला सवय होईपर्यंत हे जमत नाही.

मेणही एकाच प्रकारचं नसतं. मधमाशांचं मेण लवचीक असतं, पॅराफिन ठिसूळ असतं, आणि दोन्ही कापडाला नीट धरून राहावीत म्हणून पाइनची राळ घालतात. पॅराफिन वाढवलं की मेणाला भेगा पडतात आणि त्यातून रंग झिरपून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. आपल्याकडे बाटिक म्हटलं की लोकांना त्या भेगाच आठवतात. जावाच्या जुन्या कारागिराला मात्र त्या दिसल्या तर तो कपाळाला हात लावील, कारण त्याच्या लेखी तो दोष आहे.

खरी मेख पुढे आहे. मधमाशांचं मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं. घरी कापड रंगवायचं तर आपण पातेल्यात रंग उकळतो आणि त्यात कापड शिजवतो. बाटिकचं तसं केलं तर महिनाभराची नक्षी पाण्यावर तवंग होऊन तरंगेल. म्हणजे बाटिकला चालणारा रंग थंडच हवा, फार तर कोमट. या कलेचा बराचसा इतिहास या एका अटीवर उभा आहे असं मला वाटतं.

नीळ ही अट लीलया पाळते. नीळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ती धाग्यात नुसती शिरणारही नाही. जावामधले रंगारी तिला चुनकळी आणि ताडगुळासारख्या गुळाबरोबर आंबवत. आंबवणीत ऑक्सिजन संपतो, निळीच्या रेणूला इलेक्ट्रॉन मिळतात आणि ती पिवळसर-हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात जाते. या रूपात ती धाग्यात शिरते. कापड कुंडातून बाहेर काढलं की आधी हिरवट दिसतं, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. हवेतल्या ऑक्सिजननं तिला पुन्हा न विरघळणारी करून धाग्यातच कोंडलेलं असतं. उष्णता कुठेच लागली नाही. गडद निळ्यासाठी हेच पुन्हा पुन्हा.

मग जिथे तपकिरी हवा तिथलं मेण खरवडून काढायचं, जिथे निळं राहायला हवं ते मेणानं झाकायचं, आणि कापड सोगाच्या पाळीला द्यायचं. सोनमोहराच्या सालीबरोबर एका खारफुटीची साल आणि आणखी एका झाडाचं पिवळा रंग देणारं लाकूड उकळतात, पण तो काढा निववून मगच वापरतात. बुडवायचं, वाळवायचं, परत बुडवायचं. शेवटी तुरटी, चुना किंवा हिराकस. यांतले धातूचे आयन सालीतल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, धाग्याशी बांधतात, आणि कोणता धातू घेतला यावर छटा ठरते. हिराकसातल्या लोहानं ती काळपट होते. सगळं झालं की धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात कापड टाकतात. मेण वर तरंगतं, ते गोळा करून पुढच्या कापडाला वापरतात.

असं एक कापड हातानं पूर्ण व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मग ते लहान मुलासाठी कोण शिवणार? सहा महिन्यांत आखूड होणाऱ्या झबल्यासाठी इतकी मेहनत परवडणारी नाही, आणि जावामध्ये ते फारसं कुणी करतही नव्हतं. बाळाच्या वाट्याला बाटिक येतं ते न शिवलेलं. खांद्यावरून तिरकं घेऊन कमरेवर बाळ बसवायचं लांब कापड, म्हणजे झोळी. 2009 साली युनेस्कोनं इंडोनेशियाच्या बाटिकला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाच्या नोंदीतही शुभचिन्हांच्या या झोळ्यांचा उल्लेख आहे, आणि त्याच वाक्यात मृताला गुंडाळायच्या बाटिकचाही. तान्ह्या बाळासाठी घरातलं, शक्यतो आजीचं, जुनं बाटिक काढायची रीतही तिथे आहे. आजीच्या लुगड्याचं दुपटं वापरलेल्या मराठी घराला हे वेगळं समजावायला नको.

त्या जुनेपणात मायेइतकंच रसायनशास्त्रही आहे. कापडावर न बांधला गेलेला रंग, उरलेलं मेण, खळ हे सगळं पहिल्या काही धुण्यांतच सर्वांत जास्त निघतं. आणि बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते, शिवाय वजनाच्या मानानं जास्तही. 3 किलोच्या नवजात बाळाची त्वचा साधारण 0.2 चौरस मीटर भरते, 60 किलोच्या माणसाची 1.6 च्या आसपास. किलोमागे हिशेब करून पाहा, बाळाच्या वाट्याला दुपटीहून जास्त येते. त्यात कापडाचं टोक तोंडात जाणारच.

कापडावरचं रसायन बाळापर्यंत पोचतं हे वैद्यकाला 1886 साली कळलं. तेव्हा काही नवजात बाळं एकाएकी निळसर पडली. कारण निघालं लंगोटांवर नुकताच मारलेला ॲनिलीन या रसायनाच्या शाईचा शिक्का. ॲनिलीन त्वचेतून रक्तात गेलं आणि हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण झालं. असं लोह ऑक्सिजन वाहू शकत नाही. मोठ्यांच्या रक्तात हे बिघडलेलं लोह परत दुरुस्त करणारं विकर पुरेसं असतं, नवजात बाळात ते कमी असतं. ऑक्सिडीकरणानं कापड निळं होतं ही कला, बाळ निळं होतं हा अपघात.

बाटिकचा या गोष्टीशी संबंध विसाव्या शतकात आला. कृत्रिम रंगांतूनही बाटिककारांनी थंडच निवडले, आणि त्यांतला लाडका ठरला नॅफ्थॉल. कापड आधी नॅफ्थॉलच्या द्रावणात बुडवतात, तेव्हा जवळजवळ काहीच दिसत नाही. मग डायाझो मिठाच्या द्रावणात टाकलं की क्षणात भडक रंग फुलतो. इंडोनेशियन भाषेत मिठाला 'गरम' म्हणतात. उष्णता लागताच बिघडणाऱ्या पदार्थाला गरम म्हणावं, ही मराठी कानाला उगीचच गंमत वाटते. त्यांतलं निळ्यासाठीचं 'गरम बिरू बी' मात्र गमतीचं नाही. त्यातून तयार होणारा ॲझो रंग तुटला तर डायमेथॉक्सीबेंझिडीन सुटू शकतं, आणि ते अमाइन या गटातल्या कर्करोगकारक रसायनांच्या युरोपीय यादीत आहे. त्वचेशी किंवा तोंडाशी येणाऱ्या कापडात अशा अमाइनाची मर्यादा तिथे किलोला 30 मिलिग्रॅम आहे. इंडोनेशियातही तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांसाठी ॲझो रंग, फॉर्मल्डिहाइड आणि कापडातून सुटणारे धातू तपासणारं राष्ट्रीय मानक सक्तीचं आहे.

म्हणून सगळं नॅफ्थॉल बाटिक विषारी, असा अर्थ काढू नये. हा रंग पाण्यात विरघळत नाही, धाग्यातच अडकलेला असतो, आणि सगळ्या नॅफ्थॉल रंगांतून ही अमाइनं निघतही नाहीत. जास्त धोका कारागिराला, जो उघड्या हातांनी ती द्रावणं हाताळतो. त्याच्याबद्दल ग्राहक मुलाच्या फ्रॉकइतकी चौकशी करत नाहीत.

आज इंडोनेशियातली शाळकरी मुलं आठवड्यातला एखादा दिवस बाटिकच्या गणवेशात जातात. तो बहुतेक छापील असतो, मेणाशी त्याची गाठच पडलेली नसते. ओळखायला कापड उलटं करावं. अस्सल बाटिकमध्ये मेण आरपार जातं किंवा दोन्ही बाजूंनी लावतात, म्हणून नक्षी मागेही तितकीच ठसठशीत. छापील कापडाची पाठ बहुधा फिकी. मधला मार्ग 'चाप'चा: तांब्याच्या ठशानं मेण लावायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा ठसा आला आणि काम झपाट्यानं वाढलं. मुलांच्या कपड्यांसाठी मला तोच शहाणपणाचा वाटतो. हातानं काढलेलं कापड कापून बाराबंदी शिवण्यापेक्षा झोळीच घ्यावी, ती पुढच्या भावंडालाही पुरते.

झोळीतलं बाळ जमिनीला पहिल्यांदा पाय लावतं तो जावामधला सोहळा म्हणजे 'तेडाक सितेन'. त्याचा दिवस हिशेबानं ठरतो. जावानीज पंचांगात सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचाही आठवडा चालतो, आणि सात-पाचाचा लसावि 35. तेवढ्या दिवसांनी जन्मवाराची जोडी पुन्हा जुळते. अशा सात फेऱ्या झाल्या की, म्हणजे 245 व्या दिवसाच्या सुमारास, बाळाला सात रंगांच्या चिकट भाताच्या वड्यांवरून चालवतात आणि उसाच्या शिडीवर चढवतात. अंगावर पारंपरिक पोशाख, म्हणजे बाटिक आलंच. वड्यांचा चिकटा त्याला लागायचाच.

ते धुवायला तिथे 'लेराक' वापरतात. आपल्या रिठ्याचाच सख्खा भाऊ. डिटर्जंट अल्कधर्मी असतं, नैसर्गिक रंगांना ते सोसत नाही. रिठ्यातलं सॅपोनिन मळ सोडवतं आणि रंगाला हात लावत नाही. पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं.